विश्लेषण : नागिणीवरची गोळी आली कुठून? विषाणूंना फसवणाऱ्या गर्ट्रूड एलियन यांची गोष्ट

अंगावर नागीण उठली की घरातली जुनी माणसे एक भीती हमखास घालत. नागिणीची दोन्ही टोके जुळली, विळखा पूर्ण झाला, की माणूस दगावतो. मग गेरूचा लेप, कुणाकडून तरी उतरवून घेणे असे उपाय सुरू होत. प्रत्यक्षात हा विळखा सहसा पूर्ण होतच नाही. नागीण उठते ती मणक्यातून निघणाऱ्या एखाद्या नसेच्या पट्ट्यात आणि शरीराच्या एकाच बाजूला. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू त्या नसेच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून बसलेला असतो. वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती ढासळली की तो पुन्हा डोके वर काढतो. आज डॉक्टर त्यावर ८०० मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस घ्यायला सांगतात. ॲसायक्लोव्हिर हे तिचे नाव. शरीरातल्या निरोगी पेशींना फारसा धक्का न लावता विषाणूला रोखणारे औषध बनू शकते, यावर पन्नास-साठ वर्षांपूर्वी फार थोड्या शास्त्रज्ञांचा विश्वास होता. ते ज्या गटाने बनवले, त्याच्या प्रमुख होत्या गर्ट्रूड एलियन. डॉक्टरेट नसलेल्या, आणि तरुणपणी केवळ स्त्री म्हणून प्रयोगशाळांनी दारातूनच परत पाठवलेल्या.

विषाणूवर औषध शोधणे इतके अवघड का होते?

जिवाणू आणि विषाणू हे शब्द बोलण्याच्या ओघात एकमेकांच्या जागी वापरले जातात. औषधांच्या बाबतीत मात्र दोघांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. जिवाणू ही एक स्वतंत्र पेशी असते. तिला स्वतःची भिंत असते, प्रथिने तयार करण्याची स्वतःची यंत्रणा असते. पेनिसिलिन जिवाणूला ती भिंत नीट बांधू देत नाही. आपल्या पेशींना तशी भिंतच नसल्याने आपले काही बिघडत नाही.

विषाणूकडे यातले काहीच नसते. थोडी जनुकीय सामग्री आणि तिच्याभोवती प्रथिनाचे वेष्टण, एवढाच त्याचा संसार. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिथलीच यंत्रणा वापरून स्वतःच्या हजारो प्रती काढून घेतो. ही यंत्रणा बंद पाडावी तर विषाणूबरोबर आपली पेशीही मरते. सर्दी-पडशाला अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही तो याच कारणाने, कारण ज्यावर घाव घालायचा ती भिंतच तिथे नसते. (तरीही औषधाच्या दुकानातून अशा गोळ्या मागून नेल्या जातातच.)

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आयडॉक्सयुरिडीन नावाचे एक औषध आले. डोळ्याला झालेल्या हर्पिसच्या संसर्गावर ते थेंबांच्या रूपात वापरता येई. पण पोटात किंवा शिरेतून देण्याइतके ते सुरक्षित नव्हते. विषाणूविरोधी औषध म्हणजे थोडेफार विषच, अशी धारणा त्यामुळे पक्की झाली होती.

दंतवैद्याची मुलगी रसायनशास्त्राकडे कशी वळली?

गर्ट्रूड यांचा जन्म २३ जानेवारी १९१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील लिथुआनियातून लहानपणी अमेरिकेत आलेले, शिकून दंतवैद्य झालेले. आई त्या वेळच्या रशियन साम्राज्यातून आलेली. पुढे कुटुंब ब्राँक्स भागात राहायला गेले. घरची स्थिती बरी होती. पण १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि वडिलांची सगळी पुंजी त्यात गेली. दवाखाना उरला, म्हणून घर चालले.

गर्ट्रूड यांना सगळेच विषय आवडत. एका विषयाची निवड त्यांच्या आजोबांच्या मृत्यूने केली. नातीचा ज्यांच्यावर विशेष जीव होता ते आजोबा त्या पंधरा वर्षांच्या असताना पोटाच्या कर्करोगाने गेले. त्यांचे हाल त्या मुलीने जवळून पाहिले होते. या रोगावर काही करायचे तर रसायनशास्त्र शिकले पाहिजे, असे तिने ठरवले. न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात मुलींना फी नव्हती, गुण मात्र चांगले लागत. ती सोय नसती तर तिचे शिक्षण तिथेच थांबले असते. १९३७ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्या सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाल्या.

पदवीनंतरचा काळ मात्र खडतर होता. पुढच्या शिक्षणासाठी त्यांनी पंधरा विद्यापीठांकडे आर्थिक मदत मागितली. एकाही ठिकाणाहून होकार आला नाही. मंदीचे दिवस होते, नोकऱ्या पुरुषांनाही मिळत नव्हत्या. एका मुलाखतीत तर त्यांना सांगण्यात आले, की पात्रता आहे, पण प्रयोगशाळेत तरुण मुलगी असली की बाकीच्यांचे कामात लक्ष लागणार नाही. त्यांनी सहा आठवडे टंकलेखन आणि कचेरीकाम शिकून पाहिले. परिचारिकांना तीन महिने जीवरसायनशास्त्र शिकवले. एका रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत आधी बिनपगारी काम केले; दीड वर्षाने तिथे आठवड्याला २० डॉलर मिळू लागले. पैसे साठवून १९३९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात प्रवेश घेतला. वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. दिवसा शाळांमध्ये बदली शिक्षिका म्हणून शिकवायचे, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी प्रयोग करायचे, असे करत १९४१ मध्ये त्यांनी एमएस्सी पूर्ण केली.

त्याच वर्षी त्यांच्यावर मोठा आघात झाला. संख्याशास्त्र शिकलेल्या एका तरुणाशी त्यांचे लग्न ठरले होते. त्याच्या हृदयाच्या झडपांना जिवाणूंचा संसर्ग झाला आणि तो गेला. पेनिसिलिन त्या वेळी प्रयोगशाळेबाहेर नुकते पडत होते. सर्वसामान्य रुग्णांपर्यंत ते पोहोचायला आणखी तीन-चार वर्षे लागली. औषध वेळेवर आले असते तर माणूस वाचला असता, हे गर्ट्रूड यांना नेमके ठाऊक होते. त्यांनी पुढे लग्न केले नाही.

लोणचे तपासणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ?

दुसऱ्या महायुद्धाने हे दार उघडले. पुरुष आघाडीवर गेले आणि प्रयोगशाळांना माणसे मिळेनाशी झाली. गर्ट्रूड यांना पहिली नोकरी मिळाली ती खाद्यपदार्थांच्या कंपनीत. लोणच्याचा आंबटपणा मोजायचा, मेयोनेझसाठीच्या अंड्याच्या बलकाचा रंग बरोबर आहे ना ते बघायचे, असे ते काम. उपकरणे हाताळण्याचा सराव झाला, पण शिकण्यासारखे संपल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली. त्यानंतरच्या कंपनीतली प्रयोगशाळा सहा महिन्यांतच बंद झाली.

१९४४ मध्ये त्या न्यूयॉर्कजवळच्या टकाहो गावातल्या बरोज वेलकम या औषध कंपनीत गेल्या. तिथे जॉर्ज हिचिंग्ज यांना मदतनीस हवी होती. या कंपनीचे वेगळेपण म्हणजे तिथे संशोधकाला आपल्या प्रश्नाच्या मागे जायला मोकळीक होती. एलियन यांनी तिथे तब्बल ३९ वर्षे काम केले.

कामाबरोबर डॉक्टरेटचाही प्रयत्न झाला. संध्याकाळी लांबचा प्रवास करून त्या ब्रुकलिन पॉलिटेक्निकमध्ये जात. दोन वर्षांनी तिथल्या अधिष्ठात्यांनी सांगितले, की नोकरी सोडून पूर्णवेळ या, तरच पदवी. त्यांनी नोकरी ठेवली, पदवी सोडली. पुढे अनेक विद्यापीठांनी त्यांना मानद डॉक्टरेट दिल्या. त्यांत ब्रुकलिनचीही होती.

हिचिंग्ज आणि एलियन नेमके काय शोधत होते?

त्या काळी नवी औषधे बहुधा चाचपडत सापडत. शेकडो रसायने घ्यायची, उंदरांवर टाकून पाहायची, एखादे लागू पडले तर पडले. हिचिंग्ज यांना ही पद्धत मान्य नव्हती. त्यांचे म्हणणे सरळ होते. कर्करोगाची पेशी असो, जिवाणू असो की विषाणू, वाढायचे तर प्रत्येकाला नवे न्यूक्लिक आम्ल तयार करावेच लागते. त्यासाठी प्युरिन आणि पिरिमिडिन हा कच्चा माल लागतो. या कच्च्या मालासारखाच दिसणारा, पण कामाचा नसलेला खोटा माल पुरवला तर? जो जितक्या घाईने वाढतो, तो तितक्या लवकर फसेल.

डीएनएच्या दुहेरी गोफाची रचना १९५३ मध्ये समजली. त्याच्या नऊ वर्षे आधी ही मंडळी या वाटेला लागली होती. प्युरिनचे खाते एलियन यांच्याकडे आले.

१९५१ पर्यंत त्यांनी शंभरहून अधिक संयुगे बनवून तपासली होती. त्यांतल्या ६-मर्कॅप्टोप्युरिनने रक्ताच्या कर्करोगात कमाल दाखवली. ल्युकेमिया झालेली मुले तेव्हा निदानानंतर काही महिन्यांत जात. या औषधाने रोग मागे हटला, मुले हसू-खेळू लागली. १९५३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण काही महिन्यांनी, वर्षाने बहुतेकांचा रोग उलटला. बरे होताना पाहिलेली मुले पुन्हा खाटेला खिळलेली पाहणे एलियन यांना फार जड गेले. एकट्या औषधाने भागत नाही, दोन-तीन औषधे एकत्र द्यावी लागतात, हा धडा तिथे मिळाला. पुढे एड्सच्या बाबतीत जगाला तो पुन्हा गिरवावा लागला.

याच कुळातून ॲझाथायोप्रिन निघाले. दात्याचे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून ते वापरले जाऊ लागले आणि १९६२ पासून नात्याबाहेरच्या दात्याचे मूत्रपिंड बसवणे शक्य झाले. वातरक्तावरचे, म्हणजे गाउटवरचे, ॲलोप्युरिनॉलही याच प्रयोगशाळेचे. युरिक ॲसिड वाढलेल्या अनेकांच्या औषधांच्या डब्यात ते आजही असते. १९६७ मध्ये एलियन विभागप्रमुख झाल्या. कुणीही इथवरच्या कामावर समाधान मानले असते.

१९४८ ची नोंद वीस वर्षे का पडून राहिली?

एलियन यांच्या सुरुवातीच्या संयुगांपैकी एक होते डायअमिनोप्युरिन. १९४८ मध्ये ते देवीच्या लशीतल्या व्हॅक्सिनिया विषाणूलाही रोखते, असे आढळले होते. पण ते औषध म्हणून देण्यासारखे नव्हते. माणसाला ते फार बाधत असे. कर्करोगाच्या कामाचा व्याप मोठा होता, विषाणूंचा विषय बाजूला पडला. बाजूला पडला, विसरला गेला नाही.

१९६८ च्या सुमारास एलियन यांच्या वाचनात आले, की अडेनिन अरॅबिनोसाइड नावाचे एक संयुग विषाणूंना रोखते. यात प्युरिनला जोडलेली साखर नेहमीची नव्हती, वेगळ्या प्रकारची होती. त्यांना वीस वर्षांपूर्वीची ती नोंद आठवली. आपल्या जुन्या डायअमिनोप्युरिनला ही वेगळी साखर जोडली तर? संयुग तयार झाले आणि कंपनीच्या इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत विषाणूतज्ज्ञ जॉन बाउअर यांच्याकडे गेले. उत्तर आले, की हर्पिस आणि व्हॅक्सिनिया दोन्हींवर ते चालते आणि आधीच्या संयुगापेक्षा कमी बाधते.

१९७० मध्ये कंपनीची प्रयोगशाळा न्यूयॉर्कहून नॉर्थ कॅरोलायनात हलली. त्याच सुमारास हॉवर्ड शेफर हे रसायनतज्ज्ञ तिथे आले. त्यांचा विचार आणखी पुढचा होता. साखरेचे पूर्ण कडे कशाला हवे? त्याचा एक तुकडा पुरे. कडे नसलेली, नुसती शेपटी असलेली संयुगे तयार होऊ लागली. लिलिया बोशां यांच्यासह रसायनतज्ज्ञ ती बनवत, इंग्लंडमध्ये बाउअर आणि पीटर कॉलिन्स ती तपासत. १९७४ मध्ये त्यांतले एक हर्पिसवर आधीच्या संयुगापेक्षा शंभरपटींहून अधिक प्रभावी निघाले. तेच ॲसायक्लोव्हिर.

आश्चर्य वाटायला लावणारी गोष्ट दुसरीच होती. निरोगी पेशींना ते जवळजवळ काहीच करत नव्हते. असे का, हे शोधायला एलियन यांच्या गटाला आणखी तीन वर्षे लागली. या काळात कंपनीने सगळी माहिती गुप्त ठेवली. १९७७ च्या अखेरीस शोधनिबंध आला आणि त्यानंतर जगाला कळले.

ॲसायक्लोव्हिर पेशीत जाऊन काय करते?

सरकारी कचेरीतल्या कागदाचे उदाहरण घेता येईल. या औषधाला काम करायचे तर त्याच्यावर फॉस्फेटचे तीन शिक्के उठावे लागतात. तोवर तो कागद कोराच. दुसरा आणि तिसरा शिक्का आपल्या पेशीतली एन्झाइम मारतात. पहिला शिक्का मात्र आपल्या पेशीत कुणी मारत नाही. तो मारते हर्पिस विषाणूने स्वतःबरोबर आणलेले थायमिडिन कायनेज हे एन्झाइम. म्हणजे ज्या पेशीत विषाणू शिरलेला नाही, तिथे औषध येते आणि निमूट निघून जाते. जिथे विषाणू आहे, तिथे तो स्वतःच्या हाताने औषधाला पहिला शिक्का मारून देतो. संसर्ग झालेल्या पेशीत शिक्के उठलेल्या औषधाचे प्रमाण निरोगी पेशीच्या ४० ते १०० पट असते.

यानंतर खरी फसवणूक सुरू होते. विषाणूचा डीएनए म्हणजे एक लांब साखळी. तिच्या प्रत्येक कडीला मागे अडकायला एक आणि पुढची कडी अडकवायला एक, असे दोन आकडे असतात. तिन्ही शिक्के उठलेले ॲसायक्लोव्हिर खऱ्या कडीसारखेच दिसते. विषाणूचे एन्झाइम ती कडी साखळीत ओवते. पण साखरेचे कडे कापून टाकल्यामुळे तिला पुढचा आकडाच नसतो. साखळी तिथेच तुटते, प्रत अर्धवट राहते.

१९८१ मध्ये इंग्लंडमध्ये डोळ्याचे मलम म्हणून ते बाजारात आले. १९८२ पासून अमेरिकेत, आणि पुढे इंजेक्शन व गोळीच्या रूपातही. सर्वाधिक फरक पडला तो हर्पिसमुळे होणाऱ्या मेंदूच्या दाहात. उपचाराविना या आजारात शंभरातले सत्तरच्या आसपास रुग्ण दगावत. शिरेतून ॲसायक्लोव्हिर लवकर सुरू केल्यावर हा आकडा २० ते ३० वर आला. कर्करोगाचे उपचार किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना, ज्यांच्यासाठी साधी नागीणही जिवावरची ठरे, त्यांनाही मोठे संरक्षण मिळाले.

गोळीत एक उणीव होती. पोटातून जेमतेम १५ ते २० टक्के औषध रक्तात पोहोचते, म्हणून दिवसातून पाच वेळा घेण्याचा व्याप. त्यावर उपाय म्हणून आलेले व्हॅलासायक्लोव्हिर शरीरात शिरल्यावर ॲसायक्लोव्हिरच होते, पण त्याचा निम्म्याहून अधिक भाग रक्तात उतरतो. नागिणीत ते दिवसातून तीनदा पुरते. दोन्ही औषधे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. त्यामुळे डॉक्टर भरपूर पाणी प्यायला सांगतात आणि मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा कमी करतात.

मग रोग मुळासकट का जात नाही?

ओठाच्या कडेला तापानंतर उठणारे पाण्याचे फोड औषधाने लवकर सुकतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा येतात. औषध कुचकामी आहे, असे मग वाटते. तसे नसते. हर्पिसचा विषाणू फोड सुकल्यावर नसांच्या गाठींमध्ये जाऊन निपचित पडतो. तिथे तो प्रती काढतच नाही. साखळी विणलीच जात नसेल, तर खोटी कडी अडकणार कुठे? ॲसायक्लोव्हिर जागा झालेला विषाणू रोखते, झोपलेल्याला हात लावू शकत नाही. ज्यांना हा त्रास वारंवार होतो, त्यांना डॉक्टर कमी मात्रेत रोज औषध देऊन उद्रेक टाळतात.

वेळेचे महत्त्व यातूनच येते. नागिणीत पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर सर्वाधिक फायदा होतो. तोवर विषाणूच्या प्रती काढण्याचा जोर असतो. लेप, उतारे यात चार-पाच दिवस गेले, तर औषधाला रोखण्यासारखे थोडेच उरते आणि नस मात्र दुखावलेली असते. ती वेदना कित्येकांना पुढे महिनोन्महिने पुरते. पुरळ कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर नेत्रतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावे लागते. दृष्टीचा प्रश्न असतो.

एड्सच्या औषधाशी एलियन यांचा संबंध काय?

१९८३ मध्ये एलियन निवृत्त झाल्या, तेव्हा एड्सची साथ पसरत होती. त्याच वर्षी एचआयव्हीचा शोध लागला. विषाणूला फसवता येते, हे ॲसायक्लोव्हिरने दाखवून दिले होते आणि ते करणारी, एलियन यांच्या हाताखाली तयार झालेली माणसे त्याच इमारतीत होती. त्यांनी जुनी संयुगे चाळायला घेतली. त्यांत एक होते एझेडटी, म्हणजे झिडोव्हुडिन. जेरोम हॉर्विट्झ या संशोधकाने ते १९६४ मध्ये कर्करोगासाठी बनवले होते, ते चालले नाही म्हणून बाजूला पडले होते. पेटंटही घेतले गेले नव्हते.

तेही खोटी कडीच. पण ॲसायक्लोव्हिरइतके हुकमी नव्हे. त्याच्यावरचे तिन्ही शिक्के आपल्याच पेशी मारतात, त्यामुळे निरोगी पेशींनाही झळ लागते. रक्त कमी होणे हा त्याचा परिचित त्रास. तरीही दुसरे काहीच हातात नव्हते. १९८६ च्या चाचणीत औषध घेणाऱ्या १४५ पैकी एक रुग्ण दगावला, औषध नसलेली कॅप्सूल घेणाऱ्या १३७ पैकी १९. चाचणी मध्येच थांबवून सर्वांना औषध देण्यात आले. मार्च १९८७ मध्ये मान्यता मिळाली.

या औषधाचे श्रेय अनेकदा थेट एलियन यांना दिले जाते, ते बरोबर नाही. काम त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांचे आणि अमेरिकी राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या संशोधकांचे होते. त्यांनी स्वतःही ते श्रेय घेतले नाही. एका गोष्टीने मात्र कंपनीची प्रतिमा काळवंडली. वर्षाच्या उपचाराचा खर्च सुमारे १० हजार डॉलर होता. त्याविरुद्ध रुग्ण रस्त्यावर उतरले आणि किंमत कमी करावी लागली.

एकट्या एझेडटीला विषाणू काही महिन्यांत सरावत असे. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि मगच मृत्यू घटू लागले. पण त्यांचा खर्च गरीब देशांच्या आवाक्याबाहेर होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला, म्हणजे रोज एका डॉलरहून कमी खर्चात देऊ केला आणि जगभरचे गणित बदलले. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या केंद्रांमध्ये मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते.

एचआयव्ही, कावीळ बी आणि कावीळ सी : सगळ्यांवर एकच इलाज का नाही?

विषाणू लपतो कुठे, यावर ते ठरते. एचआयव्ही आपली जनुके पेशीच्या गुणसूत्रातच शिवून टाकतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशीच्या केंद्रकात डीएनएचे एक छोटे कडे ठेवून देतो. ही दोन्ही ठाणी औषधाला उखडता येत नाहीत, म्हणून एचआयव्हीत आयुष्यभर आणि हिपॅटायटिस बी असलेल्या अनेक रुग्णांना वर्षानुवर्षे औषध घ्यावे लागते. टेनोफोव्हिर हे दोन्हींकडे वापरले जाणारे औषधही खोट्या कडीच्याच जातीचे. बरे वाटते म्हणून ते मनाने बंद केले, तर दडलेला विषाणू उसळतो आणि यकृताला मोठी इजा होऊ शकते.

हिपॅटायटिस सीला असे लपायला ठाणेच नाही. तो सतत प्रती काढत राहतो. त्यामुळे प्रती काढणे बंद केले की तो संपतो. २०१३ मध्ये आलेल्या सोफोसबुव्हिरमुळे १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण कायमचे बरे होऊ लागले. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ज्याच्यासाठी नातेवाइकांनी रात्र-रात्र रांगा लावल्या, ते रेमडेसिव्हिरही खोटीच कडी होती. करोना विषाणूच्या प्रती काढण्यात ते अडथळा आणते, त्यामुळे आजाराच्या सुरुवातीला त्याचा उपयोग. पण ते मागितले जाई ते बहुतेकदा रुग्ण अत्यवस्थ झाल्यावर, जेव्हा फुप्फुसांचे नुकसान विषाणूपेक्षा शरीराच्या स्वतःच्या दाहामुळे होत असे. १९४१ मध्ये औषध होते आणि ते पोहोचले नाही. ८० वर्षांनी ते काळ्या बाजारात मिळाले, पण त्याची वेळ निघून गेली होती.

नोबेलनंतर एलियन यांनी काय केले?

१७ ऑक्टोबर १९८८ च्या सकाळी साडेसहाच्या सुमारास एलियन यांच्या घरचा फोन वाजला. पलीकडून एका पत्रकाराने वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाल्याबद्दल त्यांचे अभिनंदन केले. त्यांना आधी ही थट्टाच वाटली. हिचिंग्ज आणि ब्रिटनचे सर जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर हा पुरस्कार विभागून होता. त्या तेव्हा ७० वर्षांच्या होत्या. त्यांच्या नावावर ४५ पेटंट होती, पण नावापुढे लावायला कष्टाने मिळवलेली पीएचडी नव्हती. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात स्थान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

निवृत्तीनंतरही त्यांचे प्रयोगशाळेत जाणे थांबले नव्हते. ड्यूक विद्यापीठात त्या दरवर्षी वैद्यकीय शाखेच्या तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला संशोधनासाठी हाताशी घेत. ऑपेरा, प्रवास आणि छायाचित्रण हे जुने छंदही त्यांनी शेवटपर्यंत जपले. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी चॅपेल हिल येथे, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

नोबेलनंतर त्यांच्याकडे पत्रांचा ओघ सुरू झाला होता. ल्युकेमियातून वाचलेल्या मुलांच्या आई-वडिलांची, दुसऱ्याच्या मूत्रपिंडावर जगणाऱ्यांची, नागिणीच्या दुखण्यातून सुटलेल्यांची ती पत्रे होती. बहुतेकांनी त्यांचे नाव त्या बातम्यांमध्ये पहिल्यांदाच वाचले होते. ही पत्रे एलियन यांनी जपून ठेवली.